फुलणाऱ्या पाइनची नवरी

"डॉक्टर, पाइनच्या झाडाला पाकळ्यांची फुलं येतच नाहीत, असं आम्हाला शाळेत शिकवलंय. मग आमच्या पाइनवर दर जुलैत जी लाल फुलं येतात, ती नक्की कुणाची?"

हा प्रश्न माझा नव्हता, कोनोहाचा होता. कोनोहा माझी जिवलग मैत्रीण, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. जीवशास्त्राच्या तासाला तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "चिगुसा, तू विचारून दाखव. माइकवर, अख्ख्या गावासमोर. विचारलंस तर आठवडाभर माझ्या डब्यातला मेलन-पाव तुझा." मागच्या बाकावरच्या दोघी लगेच खुसखुसल्या, "ही? विचारून झालं."

गेल्या वर्षी त्या बरोबर ठरल्या असत्या. गेल्या वर्षी मी हजेरीला इतकं हळू "हजर" म्हणायचे की सरांनी मला दोनदा गैरहजर मांडलं. वर्गात सगळ्यांत उंच मी, म्हणून पाठीला पोक काढून चालायचे. मुलं मला दीपगृह म्हणायची, आणि दीपगृह बोलत नाही एवढंच मला पटायचं. मग एप्रिलमध्ये शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळाला निवेदिका हवी होती. त्यांच्या माइकचा दांडा गंजून वरच्या टोकाला अडकलेला, खाली येईना. ज्याचं तोंड तिथवर पोचेल त्याला काम, असा सरळ हिशोब होता. माझं पोचलं. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाची यादी वाचली, दुसऱ्या दिवशी हरवलेल्या छत्र्यांची, आणि तिसऱ्या दिवसापासून मला कुणी थांबवू शकलेलं नाही.

त्यामुळे झाडांचे डॉक्टर मुकाई-सान आमच्या तोबिउरा गावच्या सभागृहात "तुमच्या पाइनची प्रकृती" या विषयावर बोलले आणि "काही शंका?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझा हात आपोआप वर गेला. मी विचारलं. छान विचारलं, शब्दन् शब्द खणखणीत. फक्त एक गोष्ट लक्षात राहिली नव्हती. ज्यांना सभागृहात यायला जमत नाही त्यांच्यासाठी हे भाषण गावच्या भोंग्यांवर लावलं होतं. हेच भोंगे एरवी त्सुनामीचा इशारा देतात. म्हणजे माझा प्रश्न धक्क्यावर ऐकू गेला, होड्यांवर ऐकू गेला, आणि न्हाणीघरात टबात बसलेल्या तोमे आजींनाही ऐकू गेला.

मुकाई-सान भिडस्त माणूस. माणसांपेक्षा झाडांशी बरं जमतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं. त्यांनी चष्मा पुसला आणि माइकला सांगितलं, "ती फुलं बांडगुळाची आहेत."

माइक कुंईं करून ओरडला.

"पाइनवर वाढणारं बांडगूळ असतं," ते पुढे म्हणाले. "पक्षी त्याची फळं खातात. बी चिकट असतं, ते फांदीला पुसलं जातं, तिथंच रुजतं आणि फांदीतलं पाणी पितं. तुमच्या झाडावर त्याचे चांगले मोठे झुबके आहेत. लाल फुलं त्यांची. पाइनची नव्हेत."

दुसऱ्या कुठल्या गावात लोक "असं होय" म्हणून घरी गेले असते. पण आमच्या गावात त्या झाडाशी लग्न लावतात.

म्हणजे असं. जुलैत पहिलं लाल फूल उमललं की गावातली एक सतरा वर्षांची मुलगी पांढऱ्या शुभ्र किमोनोत देवळापासून पाइनपर्यंत चालत जाते. झाडाखाली उभी राहून विचारते, "आहेस का?" मग पुजारी ओगावा-सान लांब बांबूला बांधलेल्या विळ्यानं एक फुललेली डहाळी तोडतात, ती तिच्या पुढ्यात पडते. हे नवऱ्याचं उत्तर. डहाळी केसांत खोवली की लग्न लागलं. त्यानंतर जन्मभर पाइन हा तिचा पहिला नवरा. पुढे ज्याच्याशी खरंखुरं लग्न करेल तो दुसरा. या हिशोबानं गावातल्या निम्म्या बायका एकमेकींच्या सवती आहेत, आणि नांदतात मात्र बहिणींसारख्या. जत्रेच्या दिवशी या बायका दुसऱ्या नवऱ्यासाठी चूल पेटवत नाहीत. तो दिवस पहिल्याचा. मग गावातले सगळे दुसरे नवरे मासळी-संघाच्या छपराखाली एकत्र बसून कपातल्या नूडल्स खातात, साके पितात आणि पाइनला शिव्या देणारी गाणी म्हणतात. माझे बाबा त्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, कारण सोबतीला सुके बांगडे आमच्याच दुकानातून जातात.

माझी आई नवरी होती. तिचं केशकर्तनालय आहे, आणि आजवरच्या कितीतरी नवऱ्यांचे, म्हणजे नवऱ्या मुलींचे, केस तिनंच बांधलेत. यंदाची नवरी मी. मे महिन्यात मी माझ्या हातानं झाडाच्या बुंध्याला गवताची दोरी बांधली, म्हणजे साखरपुडाही झालेला. लहानपणापासून मला आयुष्यात एवढी एकच गोष्ट हवी होती. खुर्चीच्या मागे लपून मी आईला दुसऱ्या मुलींचे केस बांधताना बघायचे आणि मनात म्हणायचे, माझी वेळ येईल तेव्हा मी पोक काढणार नाही. जुलैत मी माझ्याच आईची सवत होणार होते, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तर, परत सभागृहात. मागच्या रांगेतून कोनोहाची आई उठली. ती मासळीबाजारात लिलाव पुकारते, तिला माइक लागत नाही.

"डॉक्टर, मग माझं लग्न कुणाशी लागलं?"

मुकाई-सान म्हणाले, "मी... झाडांचा डॉक्टर आहे."

"झाडाशीच लागलंय, तेच विचारतेय."

"तसं बघितलं तर," पुजारी ओगावा-सान पंखा हलवत म्हणाले, "मंत्र पाइनच्या नावानं म्हटलेत."

"आणि फूल? फूल भाडेकरूचं? म्हणजे विचारलं मालकाला आणि हो म्हणाला भाडेकरू?"

तेवढ्यात आमचे बाबा उभे राहिले. बाबा वर्षातून दोनदा बोलतात. "म्हणजे मी दुसरा की तिसरा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही खाली बसा," आई म्हणाली.

दार उघडलं आणि तोमे आजी आत आल्या. डोक्याला टॉवेल, केसांतून पाणी गळतंय, अंगावर सुती घरचा किमोनो कसाबसा आवळलेला. नव्वदी कधीच ओलांडली आहे त्यांनी, हयात नवऱ्यांमधली सगळ्यांत थोरली. त्या सरळ डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरा, मला एवढंच सांग. माझ्या नवऱ्याला आजवर एकदाही फूल आलं नाही?"

"येतं ना आजी," मुकाई-सान म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मोकळा झाला. "दर वर्षी येतं. एप्रिलच्या शेवटी. पाकळ्या नसतात, शोभा नसते. पिवळी पिवळी धूळ उडते बघा सगळीकडे, ती त्याचीच."

ती धूळ. ती धूळ आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलमध्ये ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, गाड्यांवर बसते, खिडकीच्या फटीतून भातावर बसते. बाबा वाळत घातलेल्या बांगड्यांवर जाळी टाकता टाकता त्या धुळीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. अख्खं गाव झाडू घेऊन तिच्या मागे लागतं. आता सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. तोमे आजी खुर्चीवर बसल्या आणि टॉवेलनं तोंड पुसू लागल्या. केस तर त्यांनी पुसलेच नाहीत.

"फुलांचं असो," मुकाई-सान म्हणाले. "मी झाडाचं सांगायला आलो होतो. ते अशक्त झालंय. एरवी मी अशी कापणी थंडीत करतो, पण गेले दोन उन्हाळे कोरडे गेले, आणि बांडगूळ उन्हातही पाणी ओढतच राहतं. हा जूनचा पाऊस संपला की कडक उन्हाळा सुरू होईल, त्याच्या आत झुबके फांदीसकट उतरवायला हवेत. नाहीतर हा उन्हाळा त्याला झेपेल असं मला वाटत नाही."

झुबके उतरवले की फुलं नाहीत. फुलं नाहीत तर उत्तर नाही. उत्तर नाही तर माझं लग्न नाही. हे गणित मी माइक हातात धरून सोडवलं, आणि माइक चालूच असल्यामुळे मी "अरे देवा" म्हटलेलंही होड्यांपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून गावात मी बाहेर पडले की लोकांना बोलायला विषय मिळायचा. धक्क्यावरचे काका म्हणाले, "काय नवरीबाई, भाडं भरलं का नवऱ्यानं?" वर्गातल्या मुलांनी माझ्या बाकावर खडूनं लिहिलं: दीपगृह, खोली रिकामी आहे. कोनोहानं इमानेइतबारे मेलन-पाव आणून दिला, पण स्वतःच रडवेली झाली.

"मला काय माहीत तो डॉक्टर खरंच उत्तर देईल," ती म्हणाली.

"डॉक्टरला प्रश्न विचारल्यावर दुसरं काय करणार तो?"

"आमच्या डॉक्टरला विचारलं की तो नुसतं हूं म्हणतो."

 आई मात्र संध्याकाळी दुकान बंद करून लाकडी डोक्यावर ठेवलेला नवरीचा केसांचा टोप विंचरत बसायची. तो टोप माझ्यासाठी होता. माझी उंची बघून तिनं अंबाडा मुद्दाम बसका बांधला होता, वर्षभर आधीपासून.

आठवड्याच्या शेवटी माजी नवऱ्या मुलींची बैठक भरली, आईच्या केशकर्तनालयात, कारण तिथं खुर्च्या आहेत. केस वाळवायच्या यंत्रांखाली एकेक जण बसली. मला जागा उरली नाही म्हणून मी केस धुवायच्या खुर्चीवर टेकले. ती खुर्ची बसलं की आपोआप मागे कलंडते. त्यामुळे सगळी चर्चा मी मान बेसिनमध्ये टाकून, छताकडे बघत ऐकली.

"मी तर म्हणते कुणाचंही असो फूल, पडलं आपल्या पुढ्यात," कोनोहाची आई म्हणाली. "लिलावात एकदा बोली मिटली की मिटली. मासा परत समुद्रात सोडत नाही कुणी."

"पण भाडेकरूशी संसार..." कुणीतरी पुटपुटलं.

"भाडेकरू कशाला म्हणता," तोमे आजी म्हणाल्या. "त्याच घरात जन्मला, त्याच घरात वाढला. दीर म्हणा. लहानपणी त्याची लाल फळं आम्ही तोडून चघळायचो, रबरासारखी, दिवसभर. गोड होता मेला. नवरा कधी तोंड उघडायचा नाही, आणि दीर असा गोड. मला तेव्हाच शंका यायला हवी होती."

हसता हसता एकीचं डोकं यंत्रावर आपटलं. मग पुजारी ओगावा-सान, जे या बैठकीत एकटेच पुरुष होते आणि दाराजवळ जोडे राखल्यासारखे उभे होते, त्यांनी घसा साफ केला. "मार्ग आहे. आधी लग्न, मग कापणी. पोरीच्या केसांत फूल पडू दे. एवढी वर्षं थांबलं झाड, तीन आठवडे काय जड आहेत."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरीसाठी. बिचाऱ्या चिगुसासाठी. बेसिनमध्ये पडल्या पडल्या माझ्याही मनात आलं, हो, तीन आठवडेच तर आहेत. मग कोनोहाच्या आईनं फोन लावला, मुकाई-सानना थेट विचारलं, आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला.

"मी थांबू शकतो," फोनमधून आवाज आला. "झाड थांबेल की नाही ते मी सांगू शकत नाही. ऊन कधी पडायला लागेल ते माझ्या हातात नाही. झाडाच्या घरच्या माणसानं ठरवून सांगावं."

"घरचं माणूस कोण झाडाचं?" एकीनं विचारलं.

ओगावा-साननी जरा विचार केला. "रीतीप्रमाणे दोरी जिनं बांधली ती."

यंत्रांखालची सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी उठायला गेले तर खुर्ची आणखी मागे गेली.

"सतरा वर्षांची पोर ती," कुणीतरी म्हणालं.

"मी सतराची असतानाच तर नवरी झाले," तोमे आजी म्हणाल्या. "नवऱ्याचं ऑपरेशन असलं की डॉक्टर बायकोलाच विचारतात. बोल पोरी."

"मला एक दिवस द्या," मी बेसिनमधून म्हटलं.

आईनं येऊन खुर्चीचा खटका ओढला आणि मला सरळ केलं. "तुझी मर्जी," ती म्हणाली. आई जेव्हा "तुझी मर्जी" म्हणते तेव्हा तिची मर्जी काय आहे ते बांगड्यालाही कळतं.

रविवारी सकाळी मी कोनोहाला घेऊन पाइनकडे गेले. पाऊस भुरभुरत होता. मुकाई-सान हेल्मेट घालून तीन पायांच्या शिडीवर होते. मला बघून म्हणाले, "या, घरच्या माणसानं बघून घ्यावं." आणि खाली उतरून शिडी मला दिली. कोनोहा शिडीच्या पहिल्याच पायरीवर मटकन बसली, म्हणाली, मी इथून धीर देते. मी चार पायऱ्या चढले तेवढ्यात माझं डोकं फांदीत. दीपगृह असण्याचा फायदा आयुष्यात पहिल्यांदा झाला.

समोर झुबका होता. गोल, जाड, हिरवीगार पानं, पाइनच्या सुयांमध्ये घुसून बसलेली, जणू घरचीच. आणि पानांच्या बेचक्यात कळ्या, आगकाडीच्या गुलासारख्या लालसर. मी त्यांना बोट लावलं. माझं लग्न असं हाताला लागलं. तीन आठवडे, बस. मग माझी नजर फांदीच्या पुढच्या टोकाकडे गेली. झुबक्याच्या अलीकडे सुया लांब, हिरव्या. झुबक्याच्या पलीकडे आखूड, तपकिरी, हात लावला की गळणाऱ्या. एकाच ताटातलं एकानं पोटभर खाल्लेलं आणि दुसऱ्यापर्यंत काही पोचलेलंच नाही, असं.

"ते वाईट नाही," मुकाई-सान खालून म्हणाले. "त्यालाही जगायचंय. एक झुबका मी ठेवणार आहे, त्या बाजूच्या जाड फांदीवर. पक्ष्यांना लागतो."

"आणि आजींना," मी म्हटलं.

एका हिरव्या टोकाला बोराएवढं काहीतरी चिकटलं होतं, खवल्याखवल्यांचं, ताठ. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, यंदाच्या एप्रिलचं. फूल होऊन गेलं, आता फळ धरतंय. मी बराच वेळ ते बघत राहिले. एप्रिलमध्ये मी रोज या झाडाखालून शाळेत गेले होते, रुमालानं तोंड झाकून.

मग मला राहवलं नाही. खाली दोघं ऐकत होती, तरी मी अगदी रीतसर विचारलं, "आहेस का?"

फांदीवरून गार पाण्याचा एक थेंब माझ्या मानेत पडला आणि पाठीतून सरळ खाली गेला. मी किंचाळले, शिडी हलली, आणि कोनोहा खालून ओरडली, "काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हटलं. "जूनमध्ये विचारलंय ना. त्याचा महिना एप्रिल."

हे वाक्य मी गंमत म्हणून बोलले होते. घरी येईपर्यंत ते गमतीचं राहिलं नाही.

बाबा विस्तवावर बांगडा भाजत होते. आई टोपाच्या अंबाड्यात मोत्याचा काटा खोवून बघत होती, मग काढत होती, मग पुन्हा खोवत होती. मी ओले जोडे दारातच काढले आणि सरळ उभी राहिले, चौकटीला डोकं लागेल इतकी सरळ.

"आई, बाबा, मी ठरवलंय," मी म्हटलं, शाळेच्या माइकवर म्हणते तशाच आवाजात. "उद्या झुबके उतरवायला सांगणार आहे मी. शिडी मीच धरणार."

बाबांचा बांगडा एका बाजूनं करपायला लागला. आईनं काटा खाली ठेवला. "आणि लग्न?"

"लग्न होणार. यंदाच्या जुलैत नाही, पुढच्या एप्रिलमध्ये, त्याची स्वतःची फुलं येतील तेव्हा. वाढदिवस मे महिन्यात आहे माझा, एप्रिलभर मी सतराचीच असते, नियम मोडत नाही. मी झाडाखाली उभी राहून विचारेन, आणि जेवढी धूळ उडेल तेवढी अंगावर घेईन. बाबा, त्या दिवशी धुळीला शिव्या द्यायच्या नाहीत. आणि आई, टोप हाच, अंबाडा हाच, किमोनो पांढराच. पण तो पिवळा झाला तर धुवायचा नाही."